अनुभव धागा: ‘अजून थोडं नीट करून’ टाकायचं राहिलेलं

नमस्कार मंडळी,
हातात कला आहे, फोन आहे, पण स्वतःच्या नावाने ऑनलाइन काही टाकायची वेळ आली की बोट अडतं. जुन्या घरांवरचे माझे लेखही ड्राफ्टमध्येच आहेत. मला वाटतं, गोव्यात भीती जगाची नसते, वाड्याची, म्हणजे आपल्याच वस्तीची असते. अनोळखी शंभर जणांनी नावं ठेवली तरी चालतं, शेजारच्या काकीने “किदें गो, आतां तूंय व्हिडिओ करता?” म्हटलं की संपलं. तुम्ही यातून कसे सुटलात? उपदेश नको, घडलं ते लिहा.

फोंडा, गाण्याच्या बाई
नाट्यगीतं शिकवते. रेकॉर्डिंगला शांतता हवी म्हणून सकाळ धरायची, तर पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत हजर. शेवटी एका विद्यार्थिनीने पोदेराच्या भोंग्यासकटच गाणं टाकलं. भोंग्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तबला ऐकू येत नाही, असं मात्र दोघा-तिघांनी लिहिलं.

डिचोली, कावीकाम
कावी म्हणजे भिंतीवरची कोरीव नक्षी. तीत पांढऱ्या चुन्यावर लाल थर चढवून तो ओला आहे तोवरच नक्षी कोरायची असते. भिंतीपुढे घोळ घालायला वेळच नसतो. फोटो मात्र महिनोन्‌महिने निवडत बसायचो. आता काम चालू असतानाचेच टाकतो, त्याच संध्याकाळी. चौकशा अर्धवट भिंतीवरच जास्त येतात. लोकांना हात चालताना बघायचा असतो.

सत्तरी
जरा वेगळा सूर लावतो. सगळंच ‘चालतंय’ म्हणू नका. गणपतीपुढे टांगायच्या रानफळा-पानांच्या माटोळीच्या सामानावर व्हिडिओ करतो. कवंडाळ, नागलकुडो, घागऱ्यो यांत नाव चुकलं तर लोक हसतील, बस. पण पावसात रानातली अळमी (अळंबी) दाखवताना चूक झाली तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल. तिथे जाणत्याला विचारल्याशिवाय आजही टाकत नाही, मग मोसम गेला तरी बेहत्तर. उजेड, शर्ट, उच्चार यांपायी जीव आटवणं मात्र सोडलं.

मडगाव, समुपदेशक
पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली ‘सगळं निर्दोषच हवं’ या हट्टाच्या तीन बाजू मांडल्या: आपली स्वतःकडून अपेक्षा, आपली इतरांकडून अपेक्षा, आणि इतरांना आपण निर्दोषच हवे आहोत ही आपली समजूत. धाग्यातली काकी तिसरीत बसते. ती बिचारी व्हिडिओ बघते तरी का, हे एकदा तपासा.

म्हापसा, खाजे आणि लोणची
माझी भीती मराठीची. बोलता बोलता कोकणी घुसते. पुण्याहून कोणी शुद्धलेखन काढेल म्हणून कॅप्शनच लिहीत नव्हते. भाचा म्हणाला, “मावशी, इन्स्टाग्रामवर कॅप्शन मागाहून बदलता येतं.” एवढ्यावर हात सुटला. टाकलेला व्हिडिओ तसा बदलता येत नाही, म्हणून बोलते कमी, कढई जास्त दाखवते: गूळ, आलं, वर तीळ. बदलायची म्हटलेली कॅप्शनं बहुतेक तशीच आहेत. शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक आता “ती खाज्यांच्या व्हिडिओवाली” म्हणून शोधत येतं. नाव कोणी विचारत नाही, तेवढं अजून बाकी आहे.