मदत हवी आहे: दोन इंच लिफ्टनंतर जिम्नी रस्त्यावर वाहवते, ॲडजस्टेबल आर्म घालायचे का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीचा, गाडी २०२३ ची मारुतीची मॅन्युअल जिम्नी. आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सत्तरीत, वाळपईच्या पुढे, शेवटचा रस्ता निव्वळ चिरा आणि लाल माती, पावसात दोन्ही चाकोऱ्या वाहून जातात नि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. म्हणून मार्चमध्ये स्प्रिंग आणि शॉक बदलून दोन इंच उचलली, टायर १९५/८० आर १५ चे २१५/७५ आर १५ केले. स्प्रिंगने डिफरेन्शियल उचललं जात नाही, तेवढं मला ठाऊक होतं, पण चॅसी वर गेली आणि कुळागरात गाडी आता कुठेच टेकत नाही, त्या बाबतीत मी खूश आहे.

त्रास डांबरावर आहे. सत्तरच्या वर गेलं की स्टिअरिंग एकदम हलकं, सरळ धरून ठेवावं लागतं, पणजीच्या अटल सेतूवर आडवा वारा लागला की गाडी लेनमध्ये वाहवते. चोर्ला घाटात वळण संपलं की पूर्वी स्टिअरिंग आपोआप परत यायचं ते आता हाताने आणावं लागतं. आणि पुलाच्या जॉइंटवरून गेलं की दोन-तीन झटके हातात येतात. बाजूला आई बसलेली असते, त्यामुळे हे असंच चालवायची माझी तयारी नाही.

अलाइनमेंट दोन ठिकाणी केली. टो (चाकं आत-बाहेर वळलेली आहेत का ते) बरोबर आहे, पण कागदावर कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे असलेला कल, ज्याने स्टिअरिंग आपोआप सरळ येतं) दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा अंश. अलाइनमेंटवाला म्हणाला की सरळ ॲक्सल आहे, टो सोडून मशीनवर काहीच फिरवता येत नाही, आणि ते पटतं.

माझी समजूत अशी, चुकत असेन तर सांगा: पुढचा आर्म चॅसीपासून निघून पुढे ॲक्सलकडे जातो, गाडी उचलली की ॲक्सलकडचं टोक खाली जातं आणि आर्मबरोबर अख्खा ॲक्सल पुढे कलतो, म्हणून कास्टर गेला. आता एक दुकानदार म्हणतो चारही ॲडजस्टेबल आर्म घाल, चॅसीच्या टोकाला आटे आणि रॉड एंड (लोखंडी गोळ्याचे सांधे) आहेत, पाहिजे तेवढं लांब कर. दुसरा म्हणतो जुनेच आर्म ठेव, मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे पॉलीयुरेथेन बुश (आर्मच्या टोकातली, बोल्ट जातो ती लवचीक नळी) प्रेस करून देतो, ते कितीतरी स्वस्त. तिसरा उपाय चॅसीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, पण ते खाली लोंबतात, माझ्या रस्त्यावर पहिल्याच दगडाला अडकतील म्हणून तो सोडला.

लांबी वाढवून कास्टर खरंच परत येतो का? रॉड एंड आमच्या मातीत किती टिकेल? आणि पॅनहार्ड रॉडही (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) लगेच बदलायचा का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

*

फोंड्याचा४x४: दादा, थांबा, पैसे देऊ नका अजून. जिम्नीचा आर्म ॲक्सलला दोन बोल्टनी धरलेला असतो आणि चॅसीला एका. ॲक्सलचा कल ठरतो त्या दोन बोल्टमुळे. चॅसीकडचं टोक तुम्ही लांब केलंत तर ॲक्सल पुढे सरकेल, कललेला आहे तो कललेलाच राहील. व्हिडिओत लोक आर्म फिरवून कास्टर आणताना दिसतात त्या बहुतेक जीप रँग्लर असतात, तिथे वरचे आणि खालचे आर्म वेगळे, खालचा लांब केला की ॲक्सल फिरतो. ते गणित इथे लागू नाही. आर्म घ्यायचेच असतील तर ॲक्सलकडच्या बोल्टचा कोन मुळातच बदलून बनवलेले घ्या, आणि ते दोन इंचासाठीच आहेत ना हे विचारून घ्या. लांबीची सोय चाक कमानीत मध्यावर आणायला उपयोगी, तेवढंच.

बुशबद्दल: ॲक्सल तिरका होतो तेव्हा मुख्यतः ॲक्सलकडचे हे दोन बुशच पिळले जातात. कडक पॉलीयुरेथेन घातलं की चाक खाली सुटणं कमी होतं. रोजचं डांबर जास्त असेल तर चालेल, तुमच्या चाकोऱ्यांसाठी मी रबरच ठेवीन.

*

डिचोलीचा पाना: वीस वर्षं सस्पेन्शनचं काम करतोय, मुख्यतः खाणीवरच्या गाड्या. रॉड एंड घेऊ नका. त्यात धूळ अडवायला काही नसतं, आमची लाल माती आत गेली की सहाणेसारखं घासतं, पावसाळ्यात गंजतं, आणि एका सीझनमध्ये खडखड सुरू. रबर बुशवाला घ्या. आटे असतील तर बसवायच्या आधी ग्रीस भरा, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सुके आटे धरून बसतात, मग गॅस कटरशिवाय सुटत नाहीत.

बसवताना गाडी जॅकवर सोडू नका, चॅसीखाली स्टँड, ॲक्सलखाली वेगळा जॅक, एका वेळी एकच आर्म काढा नाहीतर ॲक्सल फिरतो आणि बोल्ट भोकात जात नाही, मग पट्टा लावून ओढत बसावं लागतं. सगळ्यात जास्त चूक इथे होते: बोल्ट आधी नुसते लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून-मागून जरा हलवा, आणि मगच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. हवेत लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चार-पाचशे किलोमीटरनंतर परत तपासा.

पॅनहार्डचं: लिफ्टमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो. सपाट जागी उभी करून दोन्हीकडे चॅसी ते टायर मोजा. झटके येतायत म्हणून त्याच्या बुश आणि बोल्टची भोकंही बघा, फक्त कास्टरवर ढकलू नका. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर चाक पूर्ण खाली सोडून तपासा, ताणली जाता कामा नये.

अजून एक, कास्टर परत आणलात की पुढच्या डिफरेन्शियलचं नाक खाली जातं, त्याला ताकद आणणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. टू व्हीलमध्ये जाणवणार नाही, फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद) वेग वाढवला की थरथर आली का ते बघा. म्हणून पूर्ण मूळ आकड्यापर्यंत ओढायचा हट्ट नको.

*

फोंड्याचा४x४: कागदांचंही बघा. २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर गेलेल्या बदलांवर आरटीओ आणि इन्शुरन्स दोन्ही अडवू शकतात. सगळी बिलं आणि जुने स्प्रिंग जपून ठेवा.

*

धागा काढणारा: दोघांचेही मनापासून आभार. आज अंगणात मोजलं, डावीकडे नि उजवीकडे ९ मिलीमीटरचा फरक निघाला, शिवाय पॅनहार्डचा चॅसीकडचा बुश हाताने लिव्हर लावला तर हलतो. झटके तिथून असावेत.

ठरवलंय असं: आटेवाले आर्म रद्द. पुढचे दोनच, कोन बदललेले, रबर बुशचे. मागे थरथर काही नाही म्हणून मागचे मूळचेच. पॅनहार्ड पुढचा ॲडजस्टेबल. चवथीच्या आधी व्हायला हवं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान कुळागरातून आणायचंय आणि आईला यंदा सोबत यायचंय.

पानावाले दादा, पॅनहार्ड आधी बसवून ॲक्सल मध्यावर आणायचा आणि मग आर्म, की आधी आर्म? तेवढं सांगा, रविवारी काम काढतोय.

*

डिचोलीचा पाना: आधी आर्म. मग गाडी चाकांवर, मग पॅनहार्डची लांबी जमवा, लॉक नट आवळा, शेवटी अलाइनमेंट. टो परत बदललेला असेल. आणि स्टिअरिंग चाक सरळ राहतंय का ते ड्रॅग लिंकवर (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) बघून घ्या.