पहिला डिस्प्ले येईपर्यंत

काल माळा आवरताना एक जुनी प्लॅस्टिकची डबी हाती लागली. आत दोन जंपर (पिना जोडायचे इवलेसे तुकडे), पाच-सहा पितळी स्टँडऑफ (बोर्डला पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट), लाल कागदी वॉशर आणि मूठभर स्क्रू. झाकण उघडलं आणि थेट १९९९ मध्ये जाऊन पोचले. दादाने आणि मी घरी जोडलेला पहिला पीसी. सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम.

कॅबिनेट आडवं टाकून दादा त्यावर वाकलेला, मी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात मॅन्युअल धरून एकेक ओळ वाचून दाखवतेय. शेवटी त्याने स्विच दाबला. पंखा फिरला, एक छोटी बीप आली, पडद्यावर रॅमचे आकडे भराभर चढले. आम्ही दोघं ओरडलोच. आणि मग तिथेच घोडं अडलं. ‘फ्लॉपी डिस्क फेल (४०)’. ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला तो विझेचना.

तीन दिवस काय काय केलं! फ्लॉपी बदलली, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ड्राइव्ह बंद करून परत चालू केला, हार्ड डिस्क काढून ठेवली. चौथ्या दिवशी मी टॉर्च धरून नुसती बघत होते, तेव्हा केबलच्या कडेची लाल रेघ दिसली. ड्राइव्हवर बारीक अक्षरात ‘१’ छापलेला होता आणि रेघ बरोबर विरुद्ध टोकाला. त्या कनेक्टरला खाच नव्हती, त्यामुळे ३४ पिनांची ती पट्टी दोन्ही बाजूंनी तितकीच छान बसायची. उलटी करून लावली, दिवा विझला, नवी बूट फ्लॉपी आत सरकवली आणि तो खर्र-खर्र आवाज सुरू झाला. तो आवाज अजून कानात आहे.

काल रात्री दादाला डबीचा फोटो पाठवला. त्याचं एवढंच उत्तर आलं: “लाल रेघ.”

तुमचा पहिला पीसी कुठे अडला होता? आणि कसा सुटला? लिहा सगळे.

———

ताई, अंगावर काटा आला. आमच्याकडे मास्टर-स्लेव्हवरून झालं होतं, म्हणजे एका केबलवरच्या दोन डिस्कमध्ये मुख्य कोण आणि दुय्यम कोण यावरून. जुनी डिस्क आणि नवी डिस्क एकाच आयडीई केबलवर, दोन्हींचे जंपर मास्टरला. बायोसला एकही दिसेना. जुनीतला सगळा डेटा गेला म्हणून मी रडकुंडीला आले होते. काकांनी चिमट्याने एक जंपर उचलून शेजारच्या पिनांवर ठेवला आणि दोन्ही डिस्क हजर. एवढुसा काळा तुकडा तो! त्या दिवसापासून डिस्कवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावला नाही.

———

अगदी वेळेवर लिहिलंत ताई. मी आत्ता या क्षणी जमिनीवर बसलोय, भोवती खोकी पसरलेली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड. आयुष्यातलं पहिलंच असेंबल. सगळे पंखे फिरतायत, दिवे लागतायत, पण डिस्प्ले नाही. तीन तास झाले. सगळं उलगडून परत जोडू का?

———

काही उलगडू नकोस! आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीयेस ते बघ. ५६०० ला स्वतःचं ग्राफिक नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावलीस तर जन्मात काही दिसणार नाही. केबल खाली कार्डातच हवी. दुसरं, बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची आठ पिनांची वायर. मोठी २४ पिनांची लावली की माणसाला वाटतं झालं, आणि ही राहते. तिच्याविना पंखे फिरतात पण प्रोसेसरला वीजच नसते.

———

सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत जायची ती चार पिनांची बारीक वायर कोणाला आठवते? आम्ही ती बिनकामाची समजून खोक्यात ठेवून दिली होती. गेमचा आवाज यायचा, विंडोजचा टिंग यायचा, फक्त गाण्याची सीडी मुकी. आठवडाभर बाबा स्पीकरला दोष देत होते. बाकी फार काही लिहिण्यासारखं नाही, पण वायर लावल्यावर आईने पहिल्यांदा कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढली हे मात्र नक्की आठवतं.

———

आमच्याकडे उलट. बाबांना गाणी नकोतच, पत्त्यांचा गेम हवा. त्यासाठी तर घेतला होता म्हणा ना.

———

केबल कार्डातच आहे. आठ पिनांचीही लावलीये, आत्ता परत दाबून बघितली. एक सांगायचं राहिलं, बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत. त्यातला ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा पेटून तसाच राहतो.

———

मग सापडलंच म्हणायचं. ते चार दिवे म्हणजे बोर्ड स्वतः सांगतोय कुठे अडलं ते: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड, बूट. पूर्वी हेच बीपवर ओळखायला लागायचं. अवॉर्ड बायोसची एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड, हे मला अजून पाठ आहे.

आता असं कर. वीज पूर्ण बंद, मागचा स्विचही. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर. दोन्ही रॅम काढ. एकच घे आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लाव, ए२ लिहिलेलं असेल. लागली की दुसरी चौथ्या खाचेत. पहिल्या दोन्ही खाचा शेजारी-शेजारी भरल्यास का?

———

स्टँडऑफवरून आठवलं. हा अनुभव जरा मोठा आहे, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पूर्ण आकाराच्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसवला होता. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारायचा आणि गप्प. परत दाबलं, परत अर्धा फेरा. मी एसएमपीएस तपासला, हिरवी वायर काळीला जोडून. तो झकास चालत होता. दुसऱ्या पीसीची रॅम आणून लावली, तेच. भाऊ म्हणाला बोर्ड मेला, परत कर. रात्री साडेबाराला शेवटचं म्हणून बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, प्रोसेसर, एक रॅम आणि पंखा एवढंच लावलं आणि पेचकसाच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना टेकवल्या. चालू झाला! बाहेर चालतो आणि आत नाही, म्हणजे चूक कॅबिनेटमध्ये. पत्र्यावर बोट फिरवत गेलो तर एक पितळी स्टँडऑफ जास्तीचा. मोठ्या बोर्डासाठी आधीपासून बसवलेला, आमच्या बोर्डाला तिथे भोकच नाही. तो खालून सोल्डरच्या टोकांना टेकून शॉर्ट करत होता, आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत होता. नखाएवढी वस्तू. बोर्ड अकरा वर्षं चालला त्यानंतर.

तेव्हापासून मी कोणाचाही पीसी जोडताना आधी बाहेर खोक्यावर चालवून बघतो, मगच आत बसवतो. पाऊण तास जास्त जातो, जाऊ दे.

———

+१ खोक्यावर चालवून बघण्याला. आणि फोमवर नाही, बोर्ड येतो त्या चकचकीत पिशवीवर तर अजिबात नाही. ती बाहेरून वीजवाहक असते.

———

रॅम न चालणं म्हणजे खोडरबर! आमचा रामबाण उपाय. सोनेरी दात खोडरबराने हलके घासायचे, ब्रशने कण झटकायचे, परत लावायची. जुन्या मशीनमध्ये निम्म्या वेळा एवढ्यानेच काम व्हायचं.

———

जुन्यासाठी ठीक. नव्या कोऱ्या रॅमला खोडरबर कशाला? मुलाम्याचा थर पातळ असतो. त्याची नीट बसली नसेल एवढंच.

———

विषय थोडा वेगळा, पण कोणी सांगेल का, माझ्या कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. पीसी उत्तम चालतो. एसएमपीएस बदलून झाला, फरक शून्य.

———

एसएमपीएसचा दोष नाही ताई, अर्थिंग नाहीये. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते दोन्ही तारांकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं आणि तुमच्या हातातून वाट काढतं. प्लग तीन पिनांचा आहे म्हणून अर्थ आहे असं समजू नका, सॉकेटच्या मागे तार जोडलेलीच नसते कधी कधी. वायरमनला बोलवा, आणि तोवर चालू मशीनला हात लावू नका. हे मी कळकळीने सांगतोय.

———

बाप रे. उद्याच बोलावते. मी चार वर्षं पायात चप्पल घालून बसतेय. खूप आभार दादा.

———

आलाआला! डिस्प्ले आला!!

शेजारी-शेजारीच लावल्या होत्या, पण खरी गोष्ट वेगळीच. माझ्या बोर्डला खाचेच्या एकाच टोकाला चाप आहे. तो चाप लागला म्हणजे बसली असं मी धरलं. दुसरं टोक डोळा लावून बघितलं तर जेमतेम एक मिलिमीटर वर. अंगठ्याने दाबलं, चांगलंच जोरात, बोर्ड किंचित वाकला आणि ‘टक्’. ते ‘टक्’ तीन तास माझ्या नशिबात नव्हतं. पडद्यावर बोर्डचं चित्र आलं तेव्हा हात थरथरत होते. सगळ्यांचे मनापासून आभार.

———

अभिनंदन!! 🎉 आमच्याही जिवात जीव आला.

———

शाब्बास. आता बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू कर. ३२०० ची रॅम बहुतेकदा आपणहून २१३३ किंवा २४०० वरच चालते, सांगितल्याशिवाय वर जात नाही. कितीतरी लोक वर्षानुवर्षं तशीच वापरतात. आणि चालू केल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेव. एकही चूक दिसता कामा नये, एक म्हणजेही जास्त.

———

५६०० वाल्या दादा, माझं एक ऐकून ठेव, पुढे कामी येईल. तुझं सॉकेट एएम४, म्हणजे पिना प्रोसेसरला आहेत. दोन वर्षांनी प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलायला म्हणून मी कूलर सरळ वर ओढला. पेस्ट वाळून सिमेंट झालेली. कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला, खालची दांडी बंदच असताना. हातातून निसटला तो टेबलाच्या कडेवर. कोपऱ्यातल्या सात पिना आडव्या.

टेबललॅम्प जवळ घेतला, शाळेतली ०.५ ची टोकाची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं. त्या पोकळ नळीत एकेक पिन अलगद शिरते. मग एका दमात नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे, शेजारच्या रांगेशी नजरेने ताडून बघत. पाचव्या पिनेला मी श्वास धरून बसले होते. दीड तास लागला. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने सॉकेटमध्ये उतरेपर्यंत दाबायचा नाही, हे लक्षात ठेवलं होतं. चौथ्या प्रयत्नात उतरला. आजही त्याच मशीनवर हे टाइप करतेय.

कूलर काढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं मशीनवर काहीतरी जड चालव, पेस्ट मऊ होते. मग बंद करून डावीकडे-उजवीकडे पिळत काढायचा. सरळ ओढायचा नाही.

———

सात पिना!! धन्य आहे ताई तुमची.

———

बाळ उठायच्या आत पटकन लिहिते. आमचा जुना पीसी रोज तारीख विसरायचा आणि त्यामुळे एकही सुरक्षित साइट उघडायची नाही. आम्ही इंटरनेटवाल्याला फोनवर फोन. निघाली बोर्डवरची सीआर२०३२, तीन व्होल्टची गोल बॅटरी. घड्याळात असते तसली. बदलली, झालं. उठलं बाळ.

———

परत मीच. विंडोज झालं, एनव्हीएमईवर (बोर्डातच बसणाऱ्या छोट्या डिस्कवर). जुन्या पीसीतून आणलेली साटा (केबलने जोडायची) हार्ड डिस्क मात्र दिसत नाही. फिरतेय, आवाज येतोय, पण बायोसमध्ये नावच नाही. केबल बदलून झाली. माझ्या शाळेपासूनचं सगळं त्यात आहे.

———

घाबरू नकोस, डिस्क फिरतेय ना. एनव्हीएमई बसते त्या एम.२ खाचांत किती तुकडे लावलेस? आणि साटाची केबल कितव्या पोर्टात आहे? मॅन्युअल उघड, एम.२ च्या पानावर तळटीप असेल. मी आता तेव्हासारखीच टॉर्च धरून बसलेय असं समज. :)

———

दोन लावलेत. साटा पाचमध्ये. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, दुसरी एम.२ भरली की साटा ५ आणि ६ बंद होतात!! बघतो.

———

हो, बऱ्याच बोर्डांवर त्यांची वाट एकच असते. डबीवाल्या ताईंनी बरोबर पकडलं.

डबीवरून आठवलं ताई, ते जुने स्क्रू टाकू नका, हार्ड डिस्क आणि कॅबिनेटला अजून तेच ६-३२ मापाचे आटे चालतात. फक्त एम.२ ला लावायला जाऊ नका, त्याचा स्क्रू फार बारीक, २ मिलिमीटरचा. जबरदस्तीने फिरवला तर आटे जातात.

———

दिसली! साटा एकमध्ये लावली आणि लगेच आली. सगळे फोल्डर आहेत. ताई, दादाला माझाही नमस्कार सांगा. आता केबल बांधतो आणि झाकण लावतो.

———

केबल बांध. झाकण दोन दिवस लावू नकोस.