गोड सोया सॉसला (केचाप मानिस) घरगुती पर्याय – गूळ, काकवी की आणखी काही?

विश्रामबागकर

नासी गोरेंग (परतलेला भात) आणि चिकन साते (काडीला लावून भाजलेलं चिकन) घरी करायचं आहे. दोन्ही इंडोनेशियन पदार्थ, आणि दोन्हींच्या कृतीत केचाप मानिस म्हणजे तिकडचा दाट, काळा, गोड सोया सॉस लागतो. आमच्या सांगलीतल्या किराणा दुकानांत डार्क सोया आणि लाइट सोया एवढंच मिळतं. ऑनलाइन मागवता येतो, पण दोन वेळच्या स्वयंपाकासाठी मोठी बाटली घेऊन ती फ्रीजमध्ये पडून राहील.

डार्क सोयात साखर घालून पाहिली तर नुसतं खारट-गोड पाणी होतं. भाताला रंग येतो, पण ती चिकट चकाकी आणि खमंगपणा येत नाही. गूळ वापरावा का? कोणता, किती, आणि किती आटवायचा? प्रमाणासकट सांगा प्लीज.

गुऱ्हाळाची_वाट

सांगलीत बसून गोड सोया सॉस अडावा असं काही नाही. मूळ सॉसमध्ये सोया सॉस आणि ताड-माडाच्या रसाचा काळपट गूळ असतो, जोडीला बाद्यान (चक्रीफूल), लसूण वगैरे. आपल्याकडे त्याला सगळ्यात जवळची गोष्ट काकवी. ताडगूळ मिळाला तर स्वाद आणखी जवळ जातो, खादी भांडारात चौकशी करा. पण मुद्दाम शोधत फिरू नका.

गुळाची कृती:

डार्क सोया सॉस 100 मिली, काळपट गूळ 150 ग्रॅम, पाणी 50 मिली, बाद्यानचं एक अख्खं फूल, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, 2 लवंगा, ठेचलेल्या लसणाच्या 2 पाकळ्या, आल्याच्या 3 चकत्या. (तिकडे गलांगल घालतात. आलं म्हणजे तडजोड, पण चालते.)

आधी फक्त गूळ पाण्यात मंद आचेवर विरघळवून घ्या आणि गाळा. ही पायरी वगळू नका. गुळात उसाचा चोथा, बारीक रेती असतेच, आणि सोया घातल्यावर पातेल्यातला रस काळाकुट्ट होतो, मग काही दिसत नाही. गाळलेला रस स्टीलच्या पातेल्यात परत घ्या, सोया आणि मसाले घाला, आणि मंद आचेवर झाकण न ठेवता 10 ते 12 मिनिटं उकळू द्या. फेस वर आला की काढून टाका. लोखंडी कढई नको, ॲल्युमिनियमचं पातेलंही नको; सोया खारट आणि आंबट, दोन्ही धातूंना लागतं आणि चव तुरट होते.

थांबायचं कुठे, इथेच बहुतेकांचं चुकतं. गरम असताना हा सॉस पातळच दिसतो. आणखी थोडं आटवू म्हणत एकतारीच्या पुढे गेलात की थंड झाल्यावर बाटलीतून हलत नाही. थंड स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मधून बोट फिरवा. रेघ हळूहळू मिटली तर गॅस बंद. लगेच मिटली तर दोन मिनिटं आणखी. मिटलीच नाही तर पुढे गेलात, चमचाभर गरम पाणी घालून एक उकळी द्या. शेवटी मसाले गाळून लिंबाचे 4-5 थेंब घाला, म्हणजे साखर खाली दाणेदार बसत नाही. एवढ्यातून साधारण 180 मिली सॉस होतो.

काकवी असेल तर काम निम्मं: 150 मिली काकवी, 100 मिली डार्क सोया, तेच मसाले, पाणी अजिबात नाही, मंद आचेवर 5 मिनिटं. काकवी आधीच आटलेली असते, त्यात पाणी घालून ते पुन्हा आटवत बसणं म्हणजे गॅस जाळणं.

एकाच वेळेपुरता हवा असेल तर चहाचे 2 चमचे काकवी, 1 चमचा डार्क सोया, वाटीत ढवळा. बाद्यानचा सुगंध येणार नाही, पण भात अडणार नाही.

गुळाची खडी जिभेवर ठेवूनच घ्या. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो, आणि नदीकाठच्या पट्ट्यात तो मिळतोच. त्यात सोया सॉसचं मीठ आलं की सॉस वायाच गेला. पिवळाधमक गूळही नको: रंगासाठी बरंच काही घातलेलं असतं आणि चवीला नुसता गोड. तांबूस-काळा, किंचित मऊ गूळ घ्या.

सदाशिवगड

काकवीबद्दल +१. पण गुळाची एवढी चिकित्सा केलीत आणि सोया सॉस कसाही घ्या म्हणालात! माझ्या मते निम्मं यश बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत आहे.

घटक वाचा. सोयाबीन आणि गहू सुरुवातीलाच, आणि आंबवून तयार केल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. पाणी, मीठ, साखर, कॅरमेल रंग आणि ॲसिडिटी रेग्युलेटर 260 अशी यादी असेल तर 260 म्हणजे ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरची आंबट चव. चायनीजच्या गाडीवर नूडल्समध्ये ती खपते, पण गुळाबरोबर आटवली की सॉस चिंचगुळाच्या चटणीच्या वळणावर जातो. तीच बाटली घरात असेल तर लिंबाचे थेंब टाळा आणि गूळ 150 ऐवजी 170 ग्रॅम घ्या. खायचा सोडा घालून आंबटपणा मारायचा सल्ला कुठे वाचलात तर ऐकू नका, फसफसतं आणि साबणासारखी चव राहते.

डार्क आणि लाइटमधला फरकही लक्षात ठेवा. लाइट सोया पातळ आणि जास्त खारट. तोच असेल तर 100 ऐवजी 80 मिली घ्या आणि पाणी 20 मिलीने वाढवा. रंग फिका येईल. तो हवा असेल तर 150 पैकी 40 ग्रॅम गुळाऐवजी साखर घ्या, ती कोरड्या पातेल्यात तांबूस होईपर्यंत जाळा आणि त्यात गुळाचं गरम पाणी हळू ओता. तोंड लांब ठेवा, भसकन वाफ येते.

एक इशारा. साखर कारखान्याची मळी काकवीसारखीच काळी दिसते आणि ओळखीत मिळूही शकते. ती मद्यार्कासाठी आणि जनावरांच्या खाद्यासाठी असते. स्वयंपाकात नको.

विश्रामबागकर

धन्यवाद दोघांना! काल गुळाची कृती केली. चव मस्त, पण सकाळी बाटलीत चिक्कीचा पाक झालेला. टाकून देऊ का?

आणखी दोन शंका. तासगावचे बेदाणे घरात भरपूर आहेत, ते वाटून गोडवा आणता येईल का? आणि पाहुण्यांत एकाला सोयाची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी काय?

गुऱ्हाळाची_वाट

टाकू नका. बाटली काचेची असेल तर कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवा आणि पाणी हळूहळू गरम करा. सॉस सैल झाला की पातेल्यात काढून 2 मोठे चमचे उकळतं पाणी घाला, ढवळा, एक उकळी, बंद. थंड पाणी घालू नका, गुठळ्या राहतात. पुढच्या वेळी मोठ्या आचेचा मोह टाळा. रुंद पातेलं आणि मोठी आच असली की शेवटची दोन मिनिटं हाताबाहेर जातात.

बेदाण्यांचं: 50 ग्रॅम बेदाणे गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बारीक वाटले तर गोडवा येतो, दाटपणाही येतो. पण बेदाण्याला स्वतःचा फळाचा आंबटपणा असतो आणि सॉस गढूळ होतो. सातेबरोबरच्या दाण्याच्या चटणीत चालेल, किंबहुना छान लागेल. भातात नको, शितं गिळगिळीत होतात.

ॲलर्जीवाल्यांसाठी सरळ सांगते, आंबवलेल्या सोयाची चव सोयाशिवाय येत नाही. जवळ जायचं तर 10 ग्रॅम वाळवलेले मशरूम 150 मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी गाळून घ्या, त्यात अडीच चमचे (चहाचे) मीठ आणि 150 मिली काकवी घालून तसंच आटवा. रंग, गोडी, थोडा खमंगपणा येतो. भांडी-चमचे मात्र वेगळे ठेवा, आणि त्यांच्या ताटात बाजारचा दुसरा कुठलाही सॉस घालण्याआधी लेबल वाचा. सोया फार ठिकाणी लपलेला असतो.

कोयनाकाठी_फोडणी

सॉस झाला, आता वापराकडे या, कारण उत्तम सॉसही कढईत चुकीच्या वेळी गेला तर कडू होतो. गुळाचा अंश इतका की मोठ्या आचेवर मिनिटाभरात करपतो.

नासी गोरेंगसाठी भात आदल्या दिवशीचा, फ्रीजमधला, हाताने मोकळा केलेला. इंद्रायणी आणि आंबेमोहोर विसरा, चिकट भाताचा लगदा होतो. कोलम घ्या. 3 वाट्या भाताला 2 मोठे चमचे सॉस पुरे. आधी लसूण, कांदा आणि भिजवून वाटलेल्या ब्याडगी मिरच्या परतायच्या, मग भात घालून चांगला वाफाळेपर्यंत मोठ्या आचेवर, आणि सॉस शेवटच्या मिनिटाला कढईच्या कडेने. भातावर मधोमध ओतलात तर एकाच जागी काळा गोळा होतो, बाकी भात पांढराच. मीठ सॉस घातल्यावर चाखूनच.

तिकडे कोळंबीची आंबवलेली पेस्ट घालतात. इथे आठवडी बाजारातला सुका जवळा आणा, निवडून कोरडा भाजा, पूड करा आणि अर्धा चमचा कांद्याबरोबर परता. वास नको असेल तर वगळा, पण मग पदार्थाचा कणा गेला असं समजा. वर अर्धकच्चा अंड्याचा पोळा, बाजूला काकडी.

सातेला उलटा हिशोब. अर्धा किलो बोनलेस चिकनला हळद, धणेपूड, लसूण, तेल आणि 1 मोठा चमचाच सॉस लावून दोन तास ठेवा. बाकी सॉसमध्ये थोडं तेल मिसळून वेगळ्या वाटीत ठेवा आणि चिकन जवळजवळ शिजल्यावर ब्रशने दोनदा लावा. सुरुवातीलाच जाड थर दिला तर बाहेर कोळसा, आत कच्चं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात बुडवून घ्या. तव्यावर करणार असाल तर मध्यम आच आणि दर खेपेला तवा पुसणं. चिकटलेला गूळ दुसऱ्या खेपेला कडू करतो.

दाण्याच्या चटणीचं कूट जाडसरच. गुळगुळीत वाटलेल्या कुटाला तेल सुटतं.

हळदबाजार

तयार बाटल्यांत होइसिन सॉस दाट आणि गोड असतो, पण त्यात लसूण-मसाल्याची स्वतःची चव असते. सातेच्या चटणीत बरा, भातात ओळखू येतो. तेरियाकी पातळ. मध घालणाऱ्यांना माझा विरोध: फुलाचा वास राहतो आणि गुळापेक्षा लवकर जळतो.

गूळ आहे म्हणून मधुमेहाला चालतो, असं कोणी समजू नये. ही साखरच आहे, वर भरपूर मीठ, म्हणजे रक्तदाबवाल्यांनीही बेतानं.

विश्रामबागकर

बाटली सुटली, 2 चमचे पाण्यात काम झालं. जवळ्याची कल्पना भारी. हा सॉस टिकतो किती?

सदाशिवगड

काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवलेली, सॉस गार झाल्यावर भरलेला, फ्रीजमध्ये ठेवलेला: दोन महिने आरामात. ओला चमचा घातलात तर तोंडाशी बुरशी धरते. बुरशी दिसली की वरचा थर काढून वापरायचा नाही, सगळाच टाकायचा. पातळ राहिलेला सॉस लवकर बिघडतो, त्यामुळे कमी आटवलेला असेल तर आठ-दहा दिवसांत संपवा. थंडीत तळाला साखरेचे दाणे दिसले तर तो बिघाड नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळतात.