शब्दचर्चा : चावट, उत्तान, अश्लील, आंबटशौकीन

दापोलीहून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर या महिन्यात एका दिवाळी अंकातली शृंगारिक कथा आणि त्याच अंकातल्या चार कविता वाचायला घेतल्या होत्या. कथा बंदरावरची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे एरवी महिनोन्‌महिने समुद्रावर असणारा नवरा घरी. बाहेर पाऊस, पडवीत जाळी दुरुस्त करणारी दोघं, घरात म्हातारी सासू. बाकी तुम्ही समजून घ्याल.

प्रत्येकाने चार-पाच ओळींत अभिप्राय लिहायचा, असा आमचा शिरस्ता आहे. या वेळी आलेले अभिप्राय असे : ‘चावट आहे पण गोड’, ‘जरा जास्तच उत्तान’, ‘शृंगारिक म्हणा, अश्लील म्हणू नका’, ‘वाह्यात’, ‘शेवट पांचट’, ‘आंबटशौकिनांना आवडेल’. एकांनी तर ‘बीभत्स’ असा एकच शब्द लिहून खाली सही केली.

हे सगळं एकत्र करून वहीत परीक्षण लिहायचं काम माझ्याकडे आहे. कट्ट्यावर काहींचं म्हणणं असं, की हे शब्द एकाच मापाचे आहेत : शृंगारिक सौम्य, चावट त्याहून थोडं पुढे, मग उत्तान आणि शेवटी अश्लील. मला हे पटत नाही. माझ्या मते प्रत्येक शब्द वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवतो. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावं. आणि एक विनंती, ‘ज्याला जे वाटेल ते म्हणावं’ असं उत्तर नको.

रत्नागिरीहून

तुमचं बरोबर आहे. ही एका मापाची उतरंड नाही. एकेक शब्द घेऊ.

‘अश्लील’चं मूळ ‘अश्रील’. श्री नाही ते, म्हणजे शोभा नसलेलं, ओंगळ. मुळात त्यात शरीरसंबंधाचा काहीच भाग नाही. संस्कृत काव्यशास्त्रात अश्लीलता हा काव्यदोष मानला आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात त्याचे तीन प्रकार सांगितले : ज्याने लाज वाटते, ज्याने किळस येते आणि जे अमंगळ सुचवतं. म्हणजे मृत्यूची अवचित आठवण करून देणारा शब्दसुद्धा शास्त्राच्या दृष्टीने अश्लीलच. आज आपण पहिला प्रकार तेवढा ठेवला आणि बाकीचे दोन विसरलो. पण एक गोष्ट तेव्हाही होती आणि आजही आहे : अश्लील ठरतं ते ऐकणाऱ्याला काय वाटलं त्यावरून. म्हणून ‘कथा अश्लील आहे’ एवढ्यावर थांबणारा वाचक कथेबद्दल फार थोडं सांगतो. त्याला लाज वाटली, एवढंच आपल्याला कळतं. का वाटली, कुठल्या वाक्याला वाटली, हे पुढे लिहिलं तरच तो अभिप्राय.

‘बीभत्स’ लिहिणाऱ्यांनाही हेच विचारा. बीभत्स हा स्वतंत्र रस आहे आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे रसाच्या मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा, म्हणजे किळस. तुम्ही वर्णन केलेल्या कथेत किळस येण्यासारखं काही असेल तर शब्द बरोबर. नुसता संकोच वाटला असेल तर चूक.

‘शृंगार’ हा मात्र लेखनाबद्दलचा शब्द आहे, वाचकाच्या लाजेबद्दलचा नाही. त्याचा स्थायीभाव रती, म्हणजे प्रेमाची ओढ. भरताच्या नाट्यशास्त्रात म्हटलंय, की जगात जे जे शुद्ध, पवित्र, उजळ आणि पाहण्याजोगं असेल त्याला शृंगाराची उपमा देतात. देवाला सकाळी वस्त्रं-अलंकार घालतात त्यालाही आपण शृंगारच म्हणतो. म्हणून ‘शृंगारिक’ म्हणजे ‘थोडं कमी अश्लील’ नव्हे.

तुमच्या परीक्षणात ‘संभोगशृंगार’ हा शब्द येणार असेल तर जपून. शास्त्रात शृंगाराचे दोन भेद : प्रेमिक एकत्र असतात तो संभोग, विरहात असतात तो विप्रलंभ. एकत्र बसून बोलणं, एकमेकांकडे पाहणं, पावसात पडवीत जाळं विणणं, हे सगळं संभोगशृंगारात मोडतं. आजच्या मराठीत ‘संभोग’चा अर्थ एकाच क्रियेपुरता आकसला आहे. तुमच्या वाचकांना शास्त्रातला अर्थ माहीत नसेल तर तो सरळ उलगडून लिहा किंवा शब्दच टाळा.

आता ‘उत्तान’. यादीतला मला सर्वांत कामाचा वाटणारा शब्द. उत्तान म्हणजे पसरलेलं, उघडं आणि म्हणूनच उथळ. ‘उत्तानार्थ’ म्हणजे वरवरचा अर्थ. तेव्हा उत्तान शृंगार म्हणजे ज्यात वाचकाने शोधावं असं काही शिल्लक ठेवलेलं नाही तो. त्याच्या विरुद्ध सूचक.

उदाहरण आपल्याच भाषेच्या पूर्वजातलं. हाल सातवाहनाने संकलित केलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांपैकी ही एक. नवरा परगावी गेलेला, घरात तरुण सून आणि सासू. वाटसरू रात्रीपुरता उतरलेला. सून त्याला सांगते : इथे सासूबाई झोपतात, इथे मी. दिवसाउजेडी नीट पाहून ठेव. तुला रातांधळेपणा, अंधारात आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस बाबा. ऐकायला हा नकार आहे, आणि अर्थ आमंत्रणाचा. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना नेमकी हीच गाथा घेतली. तिच्यात एकही उघडा शब्द नाही. सासू ऐकत असली तरी तिला बोट ठेवायला जागा नाही. तुमच्या कथेतही सासू आहे, म्हणून ती आठवली. कथा उत्तान की सूचक हे ठरवायचं तर एवढंच पाहा : लेखकाने न लिहिलेलं वाचकाच्या मनात किती उमटतं?

मालवणातून

सर, ‘चावट’ राहिला. तो माझ्या आवडीचा, म्हणून मी घेतो.

जुन्या मराठीत चावटी म्हणजे वटवट, बडबड. चावट म्हणजे तोंड बंद न ठेवणारा. आजही लहान मुलाला ‘चावटपणा पुरे’ म्हणतो तेव्हा त्यात लैंगिक काही नसतं. प्रौढांच्या बाबतीत मात्र तो शब्द नात्यावर चालतो. वहिनी दिराला चावट म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते, आणि त्यात राग नसतो, कधी कधी तर आणखी बोल असंच असतं. हाच शब्द परक्या पुरुषाला उद्देशून आला की तक्रार होते. शब्द तोच, अंतर वेगळं. म्हणून ‘चावट आहे पण गोड’ लिहिणाऱ्याने लेखकाला घरातला माणूस केलंय. माझ्या मते ही मोठी दाद आहे, ती परीक्षणात जशीच्या तशी घ्या.

आमच्याकडे म्हणतात, गजालीत चलता, ता कागदार चलना नाय. घरच्या ओट्यावर कुणी काय बोलावं याला मर्यादा नाही, पण तेच छापून आलं की माणसं दचकतात. फाकपंचमीपासून शिमग्यात जे ओरडतात ते एरवी कुणी त्याच आवारात उच्चारेल का? तिथे काळ ठरलेला, जागा ठरलेली, आणि ओरडण्यात सगळा गाव सामील. म्हणून त्या फाकांना, त्या आरोळ्यांना, कुणी अश्लील म्हणत नाही, ‘शिमग्याचं’ म्हणतात. कथा-कवितेला तशी ठरलेली वेळ नसते. वाचणारा एकटा असतो. लाज वाटते ती एकटेपणाने वाटते, हे माझं निरीक्षण आहे.

आणि उघडा शब्द म्हणजे शृंगार, असंही नव्हे. मालवणीत ‘आवशीचो घोव’ (आईचा नवरा) दिवसातून कितीदा तोंडात येतो. अर्थाकडे पाहायला गेलं तर कठीण. पण ऐकणाऱ्याला त्यातून ना रती, ना किळस.

चिपळूणहून

एक कायद्याची बाजू, कारण ‘अश्लील’ हा आपल्या यादीतला एकमेव शब्द, जो उच्चारला की पोलीस ठाण्यापर्यंत जाता येतं. आधी भारतीय दंडविधानाचं कलम २९२, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९४. म्हणून तो अभिप्रायात सैलपणे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठीतलाच दाखला आहे. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. न्यायालयाने म्हटलं, की कथा अख्खी वाचा, आणि आक्षेपाचा भाग त्या सबंधात ठेवून पाहा. कादंबरीत नुसता कामभावनेचा उल्लेख आला म्हणून ती किशोरवयीनांना वर्ज्य ठरवली तर त्यांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचताच येणार नाही, असंही निकालात आहे. म्हणजे ‘अमक्या पानावर अमका शब्द आहे’ एवढ्यावर अश्लील ठरत नाही. वाचकाने न्यायाधीशापेक्षा घाई का करावी?

दुसरं, दापोलीकरांना हे माहीत असेलच. रघुनाथ धोंडो कर्वे तुमच्या मुरुडचे, जन्म १८८२. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ ला सुरू झालं ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. त्यांच्यावर १९३४ मध्ये जो खटला भरला तो कथेवरून किंवा चित्रावरून नव्हे, वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. वाचकाला बोलू दिलं आणि त्याला सरळ उत्तर दिलं, हा गुन्हा ठरला. हे लक्षात ठेवून मी तुमच्या वहीकडे पाहतो. माणसं सही करून लिहितायत, ही लहान गोष्ट नाही.

वेंगुर्ल्याहून

मला फक्त ‘आंबटशौकीन’ या शब्दाबद्दल बोलायचंय आणि जरा तळमळीने बोलायचंय.

यादीतले बाकीचे शब्द कथेबद्दल आहेत. हा एकटा वाचणाऱ्याबद्दल आहे. ‘आंबटशौकिनांना आवडेल’ असं लिहिणारा कथा बाजूला ठेवतो आणि ती ज्याला आवडेल त्याच्यावर आधीच शिक्का मारतो. पुढे कुणाची टाप आहे ‘मला आवडली’ म्हणायची? कोकमाशिवाय आपलं जेवण होत नाही, आंबट हा इथल्या माणसाच्या तोंडी निंदेचा शब्द नाही, पण ‘शौकीन’ जोडलं की त्यातून जिभल्या चाटणारा माणूस उभा राहतो.

आणि तो माणूस नेहमी पुरुष असतो. बाईला आंबटशौकीन म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणजे बाई असलं वाचतच नाही, असं भाषेने गृहीत धरलंय. वाचते हे कळलंच तर तिच्यासाठी जो शब्द निघतो तो वाचनाबद्दल नसतो, चारित्र्याबद्दल असतो. एसटी स्टँडच्या स्टॉलवर टांगलेली पिवळी पुस्तकं पुरुषांनी उभ्या उभ्या चाळली, त्यांना फार तर हसले. आम्ही ग्रंथालयात प्रेमाची कादंबरी मागितली तरी काउंटरवरचा माणूस कव्हर आणि चेहरा दोन्ही पाहून घ्यायचा.

सरांनी सांगितलेल्या गाथेत बोलणारी कोण आहे? बाई. त्या सातशे गाथांमधल्या कितीतरी बायकांच्या तोंडी आहेत. पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्याही बहुतेक बाईच्या तोंडी, लिहिणारे मात्र पुरुष. बाईच्या इच्छेला मराठीत इतकी जुनी जागा आहे आणि वाचणाऱ्या बाईला साधा शब्द नाही, हे मला सलतं. लावणीच्या फडात समोर बसलेल्याला ‘रसिक’ म्हणतात. तो शब्द बाईला आणि पुरुषाला सारखाच लागतो आणि शिक्काही मारत नाही. दापोलीकर, तुमच्या परीक्षणात ‘रसिक’ लिहा. ‘आंबटशौकिनांना आवडेल’ हा अभिप्राय गाळू नका, पण त्या वाचकाला परत विचारा : शिक्का कुणावर मारलात, ते सोडा. कथा तुम्हाला कशी वाटली?

दापोलीहून

ताई, विचारलं. त्यांनी आज नवीन अभिप्राय दिला : ‘जाळ्याच्या गाठी मारताना दोघांची बोटं एकाच दोऱ्यावर येतात ते वर्णन मी दोनदा वाचलं.’ आधीच्या ओळीच्या जागी हीच घेतो.

आता ‘पांचट’ आणि ‘वाह्यात’ राहिले. ‘वाह्यात’ हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, अर्थ निरर्थक, फुकट. लिहिणाऱ्या काकांना तो अर्थ अभिप्रेत नव्हता, त्यांना ‘असभ्य’ म्हणायचं होतं, आणि आज मराठीत तो तसाच चालतो, तेव्हा राहू दे. ‘शेवट पांचट’बद्दल मात्र माझं मत ठाम आहे. मूळ शब्द पाणचट, पाणी जास्त झालेलं, बेचव. त्या वाचकाला लाज वाटलेली नाही, किळस आलेली नाही, त्याला शेवट कमी पडला. सगळ्या अभिप्रायांत लेखकाच्या खरोखर कामाचा तोच. कथा दोन पानं जपून, सूचक लिहिली आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाने सगळं सांगून टाकलंय. ‘जरा जास्तच उत्तान’ लिहिणाऱ्या ताईंनाही बहुधा तोच परिच्छेद खटकला असावा, त्यांना विचारून घेतो.

रत्नागिरीहून

विचाराच. दोघांचं बोट एकाच परिच्छेदावर येत असेल तर उत्तान आणि पांचट हे इथे एकाच दोषाचे दोन शब्द आहेत, एक शास्त्रातला, एक स्वयंपाकघरातला. दोन्ही ठेवा.

देवगडहून

सगळं वाचलं, पटलं. एक लेखनाचं राहतंय. वहीच्या मुखपृष्ठाचा जो फोटो टाकलाय त्यावर ‘श्रृंगारिक’ लिहिलंय. शब्द ‘शृंग’पासून आलाय, श आणि ऋ. त्यात वेगळा र नाही, तेव्हा ‘शृंगारिक’. छापायच्या आधी बदला, आणि आत कवितांच्या शीर्षकातही दोन ठिकाणी तसंच आहे.