मदत हवी आहे : शकुंतलेचा कंदील घरात ठेवला तर गुन्हा होतो का?

नमस्कार मंडळी,

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी आमची नॅरोगेज. दोन रुळांत अंतर अडीच फूट. अचलपूरच्या ७६ किलोमीटरला चारेक तास घ्यायची. वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे न्यायला इंग्रजांच्या कंपनीने टाकलेली लाईन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आणि आता काही वर्षं काहीच नाही. ब्रॉडगेज करा की जुनी ठेवा हा वाद इथे नको, तो आमच्याकडे रोज पानठेल्यावर होतो.

अचलपूरच्या बाजूच्या एका छोट्या स्टेशनावर आम्ही सात-आठ जण रविवारी जमतो. दोन शिक्षक, एक गॅरेजवाला, बाकी शेतकरी. फलाटावरच्या बाभळी तोडल्या, पाटीवरची अक्षरं पुसून वाचता येतील अशी केली. परवानगी तोंडी. लेखी मागायला गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी "साहेब आले की या". साहेब अजून यायचे आहेत.

आता खरी अडचण. आमचं काम पाहून लोक घरातल्या वस्तू आणून द्यायला लागलेत. पुठ्ठ्याची तिकिटं, फिशप्लेट (दोन रूळ जोडायची लोखंडी पट्टी), एकाकडे तर रुळाखालच्या लाकडी स्लीपरचा पाटच केलेला. गेल्या आठवड्यात रुळांची देखभाल करणाऱ्या एका निवृत्त गँगमन आजोबांनी बोलावलं. माळ्यावरून सिग्नल दाखवायचा हातकंदील काढला, वरचा भाग फिरवून दाखवला: आधी पांढरी काच, मग लाल, मग हिरवी. आतली चिमणी अजून काजळलेली, घासलेटचा वास तसाच. म्हणाले, "घेऊन जाय बाबू, माह्या मागं पोट्टे भंगारात देतीन."

मी हात पुढे केला नाही. कारण रेल्वे मालमत्तेच्या बेकायदेशीर ताब्याबद्दल १९६६ चा कायदा आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती रीतसर मिळाली हे तुम्हीच सिद्ध करायचं. आजोबांकडे कसला आलाय कागद? आणि रुळांचं लोखंड चोरीला जातच असतं, त्यामुळे उद्या संशय पहिल्यांदा आमच्यावरच येणार. चोरांपासून वाचवायला निघालो आणि आम्हीच चोर ठरलो, असं नको.

कुणी असं काम केलं असेल तर सांगा. वस्तू आम्ही ताब्यात न घेता, ज्याच्या त्याच्या घरीच फोटो काढून, वजन-मापं आणि हकिगत लिहून पंचनाम्यासारखी नोंद केली तर चालेल का? की त्या नोंदीनेच म्हातारी माणसं गोत्यात येतील? नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे कुणी वस्तू दिली असेल तर पावती मिळाली का, कुठून आणली हे विचारलं का? पण ते रेल्वेच्या दुसऱ्या झोनचं. आमची लाईन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, म्हणजे अर्ज विभागीय व्यवस्थापकांकडेच करावा लागेल ना? कुणाकडे चाललेल्या अर्जाचा नमुना असेल तर फार बरं होईल. वकील मंडळींनी फुकट सल्ला दिला तर संत्री पोचवू.

जरा घाई आहे. आजोबांचं घर दिवाळीनंतर पाडून नवीन बांधणार आहेत. माळा तेव्हाच रिकामा होईल.