पहिल्यांदा गळ टाकला तेव्हा काय झालं? (अनुभव धागा)

जास्वंद
रविवारी लेकीला घेऊन तळ्यावर गेलतो. राधानगरी रोडला नवशिक्यांसाठी अर्ध्या दिवसाची सहल असते मासे पकडायची. काठी, रीळ, गांडुळं सगळं त्यांचं. आपण टोपी आणि पाण्याची बाटली न्यायची. शिकवायला एक पन्नाशीचे गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत होते म्हणून आम्हीपण मामा.

मला वाटलं गेल्या गेल्या पाण्यात गळ टाकायचा. छे. पहिला तासभर मामांनी पाण्याकडं बघूसुद्धा दिलं नाही. गवतात स्वतःची चप्पल ठेवली, दोऱ्याला नुसती शिशाची गोळी बांधली, गळ नाहीच, आणि म्हणाले हिच्यावर टाकून दाखवा. माझी गोळी पहिल्यांदा मागच्या बाभळीत. दुसऱ्यांदा पण बाभळीतच. लेक 9 वर्षांची, तिनं चौथ्या खेपेला बरोबर चपलेच्या पट्ट्यावर टाकली आणि दिवसभर मला ऐकवलं.

मग काठावर. तरंगायला मोरपिसाची दांडी लावलेली. मामांचा मंत्र: "थरथरली तर गप बसा. आडवी झाली तरी गप बसा. बुडाली की मग उचला." आम्ही थरथरली की उचलत होतो, त्यामुळं दहा-बारा माशांना फुकट नाष्टा.

शेवटी लेकीच्या गळाला तळहाताएवढी चिलापी लागली. ती हात पुढं करतेय तोवर मामा ओरडले, "आधी हात ओला कर!"

आणि मला एकदम आमचा आज्जा दिसला. भोगावतीच्या काठावर बांबूची काठी घेऊन बसायचा. मी सहा-सात वर्षांची असेन. तो हेच सांगायचा, "कोरड्या हातानं धरू नको बाळ, मासा भाजतोय." मला वाटायचं हे पण आज्जाचं देवाबिवाचं काहीतरी, तिन्हीसांजेला नखं काढू नको त्यातलं. मामांनी सांगितलं, माशाच्या अंगावर चिकट थर असतो, तो त्याचं रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हाताला तो पुसून येतो. सोडलेला मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला, पण पुढं त्याला बुरशी धरते. आज्जाला सगळं माहीत होतं, मी विचारलंच नाही कधी.

तुमचा पहिला गळ कसा होता लिहा. लागला नसला तरी लिहा.

(उरलेल्या गांडुळांचा डबा घरी आणलाय. त्यांचं काय करू तेही सांगा.)

तांबडा_पांढरा
कोल्हापुरात राहून रविवारी मासे?? मटणाच्या दुकानापुढच्या रांगेला काय वाटलं असेल

जास्वंद
रांगेत नवऱ्याला उभा करूनच गेलतो 😄

हिरवी_मिरची
एक प्रश्न. तुम्ही ताई ना? मग "गेलतो"?

तांबडा_पांढरा
बाहेरच्या दिसताय. आमच्याकडं बायका पण "मी आलो, मी गेलो"च म्हणतात. आमची आई, आज्जी, दोन्ही मावश्या.

हिरवी_मिरची
हो, नाशिकची 🙂 लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई "मी जेवलो" म्हणाल्या आणि मी सासऱ्यांचं ताट उचललं होतं.

गप्पगार
माझा पहिला गळ म्हणजे वाकवलेली टाचणी. रंकाळा, संध्यामठाच्या अंगाला, शाळा बुडवून. कणकेचा गोळा लावायचो, पाण्यात पडला की विरघळून मोकळा. दोन महिने मासे कणीक खाऊन गुटगुटीत झाले असतील. मग मोठ्या भावानं खरा गळ आणला. त्याला उलटा काटा असतो हे कुणी सांगितलंच नाही. मागं झोका दिला आणि भावाच्याच कानाच्या पाळीत. माझा आयुष्यातला पहिला मासा 78 किलोचा.

डॉक्टरांनी मागं ओढला नाही. पुढं ढकलून टोक बाहेर काढलं, उलटा काटा पकडीनं तोडला आणि मग सुळकन मागं घेतला. घरी कुणी ओढाओढी करू नका. मुलांच्या हातात द्यायचा असेल तर काटा आधीच पकडीनं दाबून टाका, मासा सोडवायलाही सोपा जातो.

जास्वंद
आमच्या सगळ्या गळांचे काटे दाबलेलेच होते! मामांनी दाखवले, मला तेव्हा कळालं नाही कशासाठी.

ओसरी
भाऊ आता कसे आहेत 😂

गप्पगार
कानात भिकबाळी घालतो. भोक तयारच होतं.

घाटमाथा
आम्ही गगनबावड्याकडचे. आमच्यात गळबिळ नसायचं, चढणीचे मासे. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्याला. मासे प्रवाहाच्या उलट चढत शेतात येतात, भाताच्या खाचरात हातानं धरायचे. बाप पुढं, आम्ही मागं पोतं धरून. पायाखालून खेकडा गेला की माझी बहीण किंचाळायची आणि सगळे मासे पसार. एकदा बापानं तिला बांधावरच बसवली तर तिच्याच फ्रॉकात एक उडी मारून आला. आता त्या ओढ्याला बंधारा घातलाय. चढणार कुठून.

मत्स्यगंध
घाटमाथा, आठवण छान आहे पण ते मासे अंडी घालायला चढत असतात. एक मादी धरली की पुढची हजारो पिल्लं गेली. समुद्रात त्यासाठीच तर 1 जून ते 31 जुलै बंदी असते.

घाटमाथा
मान्य. पण आम्ही एक वेळच्या कालवणापुरते धरायचो. आता लोक ओढ्यात करंट सोडतात, त्यांना सांगा.

मत्स्यगंध
त्यांना सांगायला गेलो तर मलाच धरतील.

सखूबाई_मोबाईलवर
जास्वंद चिलापी घरी आणलीस का सोडलीस आणली असशील तर आधी मीठ हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेव तळ्यातल्या चिलापीला चिखलाचा वास असतो तो जातो मग आलं लसूण आपली कांदा लसूण चटणी लावून तव्यावर तांदळाच्या पिठात घोळून. पाठीवरचे काटे आधी कात्रीनं काप बोटात घुसतात. बोलून टाइप करते चुका सांभाळून घ्या कुकर झाला

जास्वंद
काकू, पाच मिळाल्या, सगळ्या सोडल्या. लेकीनं प्रत्येकीला नाव ठेवलं होतं, मग कशी आणणार.

सखूबाई_मोबाईलवर
नाव ठेवायच्या आधी आणायची

पूरग्रस्त_पार्किंग
गळाचा अनुभव नाही पण मासा पकडलाय. ऑगस्ट 2019, महापूर. पाणी ओसरल्यावर आठव्या दिवशी घरी आलो, पार्किंगमधे गुडघाभर चिखल, कोपऱ्यातल्या डबक्यात काहीतरी हलतंय. साप समजून सगळे मागं. मी बादली उपडी घातली. निघाली मरळ, हातभर लांब, डोकं सापासारखंच. शेजारच्या काकांनी सांगितलं, ही पाण्यावर तोंड काढून हवा घेते म्हणून एवढ्याशा गढूळ पाण्यात टिकली.

सोसायटीत त्यावरून बैठक. निम्मे म्हणाले कालवण, निम्मे म्हणाले ती पण पूरग्रस्तच, सोडा. आठ दिवस पावावर काढलेले लोक हो, तरी सोडायचं ठरलं. मी गाडीवर, मागं मित्र बादली मांडीत धरून. शिवाजी पुलाच्या अलीकडं तिनं उडी मारली ती थेट रस्त्यावर. दोघं हेल्मेट घालून भर रस्त्यात रांगत मरळ धरतोय आणि बघ्यांची ही गर्दी. एक आजोबा म्हणाले, "घर वाहून गेलं काय रे पोरांनो, डोक्यावर परिणाम झालाय."

तांबडा_पांढरा
😂😂 नाद खुळा

ओसरी
रडता रडता हसले. आमचंही तळमजल्याचं घर होतं 2019 ला. 2021 ला परत.

पूरग्रस्त_पार्किंग
ओसरी, कोणत्या भागात?

ओसरी
शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ.

पूरग्रस्त_पार्किंग
अहो मग शेजारीच की! निरोप टाकतो.

काठावरचा
कौतुक आहेच, पण एक वाईट अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीला (हे तळं नाही, दुसरीकडं) चार जणांच्या होडीत आम्हाला सात जण बसवलं. लाइफ जॅकेट मागितली तर "पाणी कमरेएवढंच आहे साहेब." मधे गेल्यावर वल्ह्यानं खोली बघितली, वल्हं पूर्ण आत गेलं. मुलगा 6 वर्षांचा. मासे बघितलेच नाहीत, सगळा वेळ त्याची कॉलर धरून बसलो होतो. जास्वंद, तुमच्याकडं जॅकेट होती का?

जास्वंद
होती. लहान मापाचं सापडेना तेव्हा मामांनी लेकीला होडीत चढूच दिलं नाही. मोठं जॅकेट घालून बघितलं, खांद्याला धरून उचललं तर ते कानापर्यंत वर आलं. म्हणाले, पाण्यात हे एकटंच वर येईल. अर्ध्या तासानं कुणीतरी गावातून लहान मापाचं आणलं. तोवर ही रुसून चिंचेखाली.

काठावरचा
खांद्याला धरून उचलायचं, हे लक्षात ठेवतो.

पुणेकर_सध्या
आपण आपली काठी घेऊन कुठल्याही धरणावर बसलं तर चालतं का?

मत्स्यगंध
आधी विचारा. बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. ती माणसं मत्स्यबीज विकत घेऊन सोडतात, त्यांचं पोट आहे त्यावर. संस्थेच्या माणसाला भेटा, चहा पाजा, कुठं बसायचं तेही तोच सांगेल.

आणि पहिल्यांदा जाणार असाल तर माशाचं तोंड बघायला शिका. कटल्याचं तोंड वर उघडतं, तो पृष्ठभागाजवळ खातो. मृगळचं खाली वळलेलं, तो तळाचं खातो. रोहू मधल्या थरात. गळ किती खोल सोडायचा ते यावरून. हे तिघंही मूळचे गंगेकडचे, आपल्याकडं बीज सोडून आलेले. चिलापी तर आफ्रिकेची, भारतात 1952 मधे आणली. कुठंही टाका, लागते. म्हणूनच नवशिक्यांना सगळे चिलापीवर बसवतात.

तांबडा_पांढरा
म्हणजे रंकाळ्यात पण बाहेरगावचेच जास्त 😏

लाटवडेकर_नव्हे
शिंगटी कुणाला लागली नाही का अजून? माझी पहिलीच शिंगटी. मिशा बघून गोड वाटली, मुठीत धरली. कल्ल्याजवळचा काटा अंगठ्यात. विंचू बरा. मामेभावानं सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अंगठा बुडवून ठेवायला लावला तेव्हा कुठं ठणका कमी झाला. नंतर आठवडाभर मोबाईल डाव्या हातानं

उंबरा
वडील मार्चमधे गेले. घरात फार बोलायचे नाहीत. कळंब्यावर गळ टाकून बसले की मात्र बोलायचे, तेही पाण्याकडं बघत. माझं लग्न, त्यांची नोकरी सुटलेली, सगळं मला तिथंच कळालं. त्यांचं रीळ काल माळ्यावरून काढलं. दोरा काड्यासारखा कडक झालाय. फिरवलं तर अजून कटकट वाजतं.

सखूबाई_मोबाईलवर
बाळा 🙏

गप्पगार
उंबरा, नायलॉनचा दोरा जुना झाला की ठिसूळ होतो, तो टाकून द्या. रीळ वाजतंय म्हणजे जिवंत आहे. रॉकेलनं पुसून शिवणमशिनचं तेल दोन थेंब. नवा दोरा भरताना ओल्या फडक्यातून ताणून भरा, नाहीतर गुंता होतो. जमलं नाही तर सांगा, मी कळंब्यापासून दहा मिनिटांवर राहतो.

उंबरा
रविवारी आलो तर चालेल?

गप्पगार
या. फक्त मागं झोका देताना माझ्या कानाकडं बघा.

हिरवी_मिरची
जास्वंद, सहलीचे पैसे किती? आणि जाताना नाष्ट्याला कुठं थांबलात?

जास्वंद
पैसे निरोपात कळवतो. नाष्टा घरूनच, थालीपीठ.

तांबडा_पांढरा
मिसळ सोडून थालीपीठ. मासे तरी कसे लागणार

ओसरी
अहो पण त्या गांडुळांच्या डब्याचं काय झालं? सकाळपासून तेच बघायला येतेय.

जास्वंद
सांगायचं राहिलंच. मामांनी गार जागी ठेवा म्हटलं होतं म्हणून लेकीनं डबा फ्रीजमधे ठेवला. श्रीखंडाचा डबा. काल रात्री सासूबाईंनी चमचा घेऊन उघडला.

गांडुळं आता कुंडीत आहेत. सासूबाई अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत.