समुद्राकाठच्या घरातला एसी बदलायचाय: मशीन कुठलं घ्यावं आणि फिटर कसा निवडावा?

वाडीतली, गुहागर

नमस्कार. आमचं घर गुहागरात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि लगेच समुद्र. आण्णांच्या (माझे सासरे, वय ७८, दमा आहे) खोलीत दीड टनाचा जुना स्प्लिट एसी आहे. आर-२२ गॅसवाला, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा) नाही. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गॅस भरायचा, की मे संपेपर्यंत कसाबसा चालतो. यंदा आऊटडोअरच्या मागच्या पत्र्या नुसत्या हात लावल्यावर भुगा होऊन पडल्या. यात आता पैसे घालू नका, असं फिटरने सांगितलं.

खोली १० बाय १२. भिंती चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या. वर मंगलोरी कौलं, खाली प्लायचं सिलिंग. आऊटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर, समुद्राकडे तोंड करून. आण्णा दुपारी दोन तास आणि रात्रभर एसीत असतात.

तिघांना विचारलं. चिपळूणचे दुकानदार म्हणाले, दीड टन फाइव्ह स्टार घ्या, बसवायला माणूस आम्ही पाठवतो. गावातला एक जण म्हणतो, जुनीच पाईप ठेवू, खर्च वाचेल. तिसऱ्याने खोली पाहिली, शिडी मागितली, सिलिंगच्या वर डोकावला, मागची भिंत पाहिली आणि "उद्या सांगतो" म्हणून गेला. घरात सगळ्यांचं मत, हा काही काम करायचा नाही.

एक टन की दीड? तांब्याची कॉइलच हवी का? जुनी पाईप चालेल का? आणि माणूस कुठला धरू? मे तोंडावर आलाय आणि आण्णांना उकाडा सोसत नाही.

मिऱ्याचा फिटर, रत्नागिरी

ताई, मी मिऱ्या, भाट्ये, पावस, गणपतीपुळे या पट्ट्यात एसीची कामं करतो. उत्तर देतो, पण आधी तीन गोष्टी सांगा. सिलिंगच्या वर काही टाकलंय की कौल आणि प्लायच्या मध्ये नुसती पोकळी आहे? पूर्वेकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, पडवीच्या आसपास आऊटडोअर ठेवण्याजोगी जागा आहे? आणि संध्याकाळी सात-आठच्या सुमारास घरात व्होल्टेज किती येतं?

वाडीतली, गुहागर

वर नुसती पोकळी. दुपारी प्लायला हात लावला तर चांगलाच गरम लागतो. रस्त्याच्या बाजूला पडवीच्या टोकाला जोत्यावर जागा आहे, तिथे आता सायकल असते. पण आण्णांच्या खोलीपासून तिथवर पाईप वळवून न्यावी लागेल. व्होल्टेज काल मोजून घेतलं, रात्री आठ वाजता १८५.

मिऱ्याचा फिटर, रत्नागिरी

मग ऐका. मशीन कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न आऊटडोअर कुठे ठेवायचं. तुमचं जुनं मशीन वयाने गेलं नाही, खाऱ्या वाऱ्याने गेलं. पश्चिमेचा वारा मीठ आणि ओल घेऊन थेट कॉइलवर येतो. कॉइलच्या नळ्या तांब्याच्या असल्या तरी त्यावरच्या पातळ पत्र्या बहुतेक मशीनमध्ये ॲल्युमिनियमच्याच असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले, वर खारं पाणी, म्हणजे आधी ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. हा धातूचा स्वभावच आहे. पत्र्यांवर निळा किंवा सोनेरी लेप असतो. त्याने वर्षं वाढतात, पण समुद्राकडे तोंड करून बसवलं तर लेपही हरतो. म्हणून सायकल हलवा आणि आऊटडोअर पूर्वेला, घराच्या आडोशाला, जोत्यावर ठेवा. पागोळ्यांचं पाणी थेट वर पडणार नाही इतपत आत, पण मागे हवा खेळायला हातभर मोकळं.

पाईप लांबेल. कंपनीच्या किटमध्ये साधारण ३ मीटर पाईप येते, पुढची मीटरवर मोजून घेतात. तो खर्च करा. पाईप किती लांब आणि किती उंच नेता येते, ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ठरावीक लांबीच्या पुढे किती ग्रॅम गॅस वाढवायचा, तेही त्यातच असतं. गॅस अंदाजाने नाही, वजनकाट्यावर भरायचा.

जुनी पाईप नाही म्हणजे नाही. आर-२२ च्या यंत्रात खनिज तेल असतं, आजच्या आर-३२ गॅसच्या यंत्रात वेगळं. जुन्या तेलाचा थर आत राहिला तर नव्या कॉम्प्रेसरच्या मुळावर येतो. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. जुन्या, पातळ झालेल्या, समुद्राची हवा खाल्लेल्या पाईपवर तो भार टाकू नये. वाचलेले पैसे पहिल्याच गळतीत जातात.

आता टन. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची ताकद. तुमची खोली १२० चौरस फूट, एरवी एक टन पुरतो. दुकानदार दीड म्हणाले ते कौलांमुळे, आणि त्यांची भीती खोटी नाही. दुपारी ते गरम प्लाय डोक्यावर शेगडी ठेवल्यासारखं आहे. पण त्यावर मोठं मशीन हा इलाज नव्हे. आपल्याकडे एसीचं मोठं काम हवेतलं पाणी काढणं हे असतं. मशीन खोलीच्या मानाने मोठं झालं की खोली चटकन गार करतं आणि थांबतं. पाणी हवेतच राहतं. मग अंग गार पण चिकट, चादर दमट, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी. दम्याच्या माणसाला ती बुरशी उकाड्याहून वाईट. तेव्हा प्लायच्या वर रॉकवूल किंवा काचलोकराच्या गाद्या अंथरून घ्या, खालून-वरून नीट बंद करून, म्हणजे तंतू खोलीत येणार नाहीत. काम चालू असताना आण्णांना दुसऱ्या खोलीत झोपवा. मग एक टनाचा इन्व्हर्टर घ्या. तो थांबत नाही, हळू चालत राहतो आणि पाणी ओढत राहतो. २५-२६ वर ठेवून वर पंखा मंद लावला की झोप लागते. १८ वर लावायची गरज नाही.

स्टारबद्दल. स्टिकरवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या हिशोबाने. आण्णा रोज आठ-दहा तास वापरणार, म्हणजे तुम्ही त्याच्या पुढे जाल. शंभर आणि तीनशे युनिटांच्या पुढे महावितरणचा दर चढतो, हेही धरा. तुमच्या वापराला पाच स्टार परवडतो. फक्त स्टिकरवरचं वर्ष बघा. १ जानेवारी २०२६ पासून निकष कडक झालेत, त्यामुळे जुना पाच आणि नवा पाच एक नाहीत. तारे मोजण्यापेक्षा आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात खाल्लेल्या विजेच्या मानाने मशीन किती गारवा देतं, हा आकडा वाचा. जास्त तो चांगला.

१८५ व्होल्ट म्हणजे स्टॅबिलायझरशिवाय चालेल असं मशीनवर लिहिलेलं असलं तरी मी स्टॅबिलायझर लावेन. आणि आर्थिंग तपासून घ्या. जांभ्या दगडाच्या जमिनीत मे महिन्यात आर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. त्यात अधूनमधून पाणी घालायची सवय लावा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की एसीचा एमसीबी खाली. पीसीबी, म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जळण्याचे फोन मला त्या आठ-पंधरा दिवसांतच सगळ्यात जास्त येतात.

माणूस कुठला धरायचा ते रात्री लिहितो, आता एका हॉटेलात जायचंय.

हर्णैकर, दापोली

फिटरदादांनी जोत्याचं सांगितलं ते फार पटलं. एक भर घालतो. चिऱ्याच्या भिंतीत नेहमीचे फासणारे बोल्ट धरत नाहीत, दगड आतून भुसभुशीत असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत भिंतीवरची आऊटडोअर ब्रॅकेटसकट उतरली होती, पाईप तुटून लोंबत होत्या. भिंतीवरच लावायची वेळ आली तर बोल्ट आरपार घालून आतून पट्टी लावा. ब्रॅकेट साधा रंगवलेला नको, गॅल्व्हनाइझ केलेला किंवा स्टेनलेसचा घ्या. जोत्यावर ठेवलंत तरी पाय काँक्रीटमध्ये बोल्टने आवळा.

मेढ्यातली काकी, मालवण

आमचा होम स्टे आहे, चार खोल्यांना एसी. वाडीतली, तुला एकच सांगते, गोड्या पाण्याने धुणं चुकवू नकोस. नोव्हेंबर ते मे, पंधरा दिवसांनी एमसीबी बंद करून बागेच्या नळीने आऊटडोअरच्या कॉइलवर हलकं पाणी मारायचं. प्रेशरचा पंप नको, पत्र्या आडव्या होतात. आणि पाणी गोडं हवं हो. मे महिन्यात आमची विहीर मचूळ होते, तेव्हा टाकीचं पाणी वापरते. कोणी ॲसिडने धुऊन देतो म्हणाला तर गेटाबाहेरूनच परत पाठव.

आमचे शेजारी तर सगळ्यांना सांगत सुटतात, "समुद्राच्या तोंडार आऊटडोअर ठेवू नको." त्यांचं खरं आहे.

मिऱ्याचा फिटर, रत्नागिरी

काकी, अगदी बरोबर.

आता माणसाबद्दल. ताई, तुमच्या तिघांपैकी ज्याने सिलिंगच्या वर डोकावून पाहिलं आणि लगेच आकडा सांगितला नाही, त्याची वाट बघा. न बघता टन सांगणारा माणूस डबा विकतो. बघून गेलेला माणूस काम करतो. उद्या तो आला की त्याच्याशी नुसतं किमतीवर बोलू नका. व्हॅक्यूम पंप आणतोस का, हे विचारा. पाईप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते, गेज ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली जाऊन तिथे टिकलं पाहिजे, तेव्हा व्हॉल्व उघडायचा. पुष्कळ जण वेळ वाचवायला मशीनचाच थोडा गॅस सोडून हवा ढकलतात आणि "झालं" म्हणतात. आपल्या हवेत इतकी ओल आहे की ती पाईपमध्ये राहिली तर तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर आतून खराब होतो. ग्राहकाला वाटतं मशीन वाईट निघालं. आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे, त्यात हवा मिसळलेली चालत नाही.

पंपाच्या आधी नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. नायट्रोजनची टाकी लहान फिटरकडे नसते, चिपळुणातून भाड्याने आणावी लागते. त्याचे वेगळे पैसे मागितले तर द्या, कुरकुर करू नका. तो पैसा पुढचं दर वर्षीचं गॅस भरणं वाचवतो. तुमच्या घरी दर उन्हाळ्यात गॅस भरला गेला, पण गळती कुठे आहे हे कुणी शोधलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय.

पाईपच्या सांध्यावरचे फ्लेअरचे नट टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) लावून आवळतो का, पाईपवर काळं नायट्राइल रबर घालतो की पांढरा फोम, हेही बघा. पांढरा फोम उन्हाने वर्षा-दीड वर्षात फाटतो आणि आत पाणी सुटून भिंतीला ओल येते. ड्रेनचा उतार पाणी ओतून दाखवायला सांगा. ड्रेनच्या तोंडाला बारीक जाळी, नाहीतर पाली आणि किडे आत शिरतात. आऊटडोअरच्या पीसीबीवर पाल आडवी झाली की बोर्ड गेला.

कंपनीचा माणूस येणार असेल तरी हेच प्रश्न. आणि वॉरंटी कार्ड घेण्याआधी वाचा. कॉम्प्रेसरला दहा वर्षं लिहिलेलं असतं, पण कॉइल, गॅस आणि गंज यांचं काय, ते बारीक अक्षरात असतं. गंज वगळलेला असेल तर दुकानदाराकडून बिलावर काहीतरी लिहून मागा. नाही म्हणाले तर निदान तुम्हाला कळलेलं असेल.

मी स्वतः येईन असं म्हणणार नाही. जयगडहून फेरीने तवसाळला उतरून मी एकदा काम करून जाईन, पण जुलैत ड्रेन तुंबून आण्णांच्या पलंगावर पाणी गळायला लागलं तर मी त्या दिवशी पोचू शकणार नाही. काम चांगलं करणारा आणि हाकेच्या अंतरावरचा, असाच माणूस हवा.

वाडीतली, गुहागर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. तो तिसरा माणूस दुसऱ्या दिवशी खरंच आला. मी पंपाचं विचारलं तर त्याने गाडीतून काढून दाखवला. नायट्रोजन आणावा लागेल म्हणाला, पैसे वेगळे सांगितले, मी हो म्हटलं. जागा त्यानेही पडवीचीच सुचवली, पाईप साडेसात मीटर जाईल. एक टन, पाच स्टार, तांब्याची कॉइल, कारण बिघडली तर इथल्या इथे ब्रेझिंग (धातू वितळवून सांधा जोडणं) करता येतं. सिलिंगवर गाद्या अंथरायला सुतार सोमवारी येतोय. आण्णा विचारतायत की आता आमची सायकल कुठे जाणार.

एकच राहिलं. जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ का? तो आजच न्यायला तयार आहे.

मिऱ्याचा फिटर, रत्नागिरी

द्या, पण आज नको. आधी फिटरला म्हणावं, मशीन चालू करून गॅस आऊटडोअरमध्ये ओढून घे, व्हॉल्व बंद कर आणि मग तिथून टाकीत काढून घे. कॉम्प्रेसर चालतच नसेल तर रिकव्हरी मशीनने टाकीत काढावा लागेल. भंगारवाला सरळ पाईप कापतो आणि सगळा गॅस हवेत जातो. आर-२२ ओझोनला खातो, म्हणूनच माँट्रियल कराराखाली तो २०३० पर्यंत आपल्याकडे बंद होत चाललाय. काढलेला गॅस फिटरला दुसऱ्या जुन्या मशीनला वापरता येतो, त्यामुळे तो नाही म्हणणार नाही. आणि साडेसात मीटर पाईप आहे, तेव्हा वाढीव गॅस किती ग्रॅम घातला ते बिलावर लिहून घ्या. पुढे कधी कोणी मशीन उघडलं तर त्याला तो आकडा लागेल.